स्लीव्ह करून वजन परत आलं, आता दुसरं ऑपरेशन करायचं का? दोन ठिकाणी दाखवलं त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, दोन्ही ठिकाणांची नावं लिहिणार नाहीये. चांगलं लिहिलं तर लोक म्हणतात पैसे घेतले असणार, आणि वाईट लिहिलं तर वकिलाची नोटीस. एक मुंबईची चेन, जी अधूनमधून रत्नागिरीत हॉटेलचा हॉल घेऊन फ्री कॅम्प लावते. दुसरं कोल्हापुरातलं एक सेंटर. माझं रेटिंग मुंबईवाल्यांना ५ पैकी २ आणि कोल्हापूरला ४. हे रेटिंग ऑपरेशनचं नाहीये हां, मी अजून केलेलंच नाही, फक्त सल्ला कसा दिला त्याचं आहे. पण दुसऱ्यांदा ऑपरेशन करायचं असेल तर निम्म्याच्या वर खेळ सल्ल्यातच असतो असं माझं मत झालंय.

थोडक्यात माझी केस. गणपतीपुळ्याच्या जवळ आमचा होमस्टे आहे, स्वयंपाकघर माझ्याकडे. आधी पोटात बलून बसवलेला, तो साधारण सहा महिन्यांनी काढतातच, काढला आणि वजन आलं तसं परत. मग स्लीव्ह. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात, केळ्यासारखी एक नळी उरते, आणि कापलेलं काही परत जोडता येत नाही. सुरुवातीला मस्त उतरलं, सासूबाई तर आल्यागेल्याला सांगायच्या की आमची सून अर्धी झाली. मग हळूहळू निम्म्याहून जास्त चढलं परत, आणि वर ॲसिडिटी मिळाली ती वेगळीच, रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी, उशांवर उशा रचून बसल्यासारखं झोपायचं, सकाळी आवाज बसलेला. पाहुण्यांना वाटायचं रात्रभर भजनाला गेलेले.

तर मुंबईवाल्यांचा कॅम्प. व्यवस्था झकास, एसी हॉल, नाव घ्यायला मुलगी, वजनाचं भारीतलं मशीन, ते अंगातली चरबी किती आणि स्नायू किती ते कागदावर छापून देतं. समोर स्क्रीनवर आधीचे आणि नंतरचे फोटो फिरतायत. डॉक्टर बोलायला चांगले, पण चहा थंड व्हायच्या आत मी बाहेर. "मॅडम, स्लीव्ह फेल गेलंय, आपण मिनी बायपास करून टाकू." (हार्टचा बायपास नाही हां, यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात.) मी म्हटलं मला ॲसिडिटीचा खूप त्रास आहे, तर म्हणाले तीपण जाईल. एंडोस्कोपी? ॲडमिट झाल्यावर करू. जुनी फाईल मी पिशवीतून काढलेली ती तशीच परत पिशवीत. मग बाहेर काउन्सेलर बसलेली, तिने पॅकेज, ईएमआय, आणि या महिन्यात बुक केलंत तर डिस्काउंट. फ्रिज घ्यायला गेल्यासारखं वाटलं खरं सांगते. नंतर व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगसकट मेसेज चालू, ह्यांनी शेवटी ब्लॉक केलं.

दोन स्टार का दिले मग? एक, हे लोक आपल्याकडे येतात तरी, इथे जिल्ह्यात वजनाच्या ऑपरेशनबद्दल धड बोलणारं माणूस शोधावं लागतं. दुसरं, खर्च लपवला नाही, काय धरलंय काय नाही लेखी दिलं. सर्जन अनुभवी असतीलही, मला त्यावर शंका घ्यायची नाही. पण पहिलं का बिघडलं हे न बघता दुसरं ठरवलं, हे मला पटलं नाही.

कोल्हापूरला फोन केला तेव्हाच फरक कळला. अपॉइंटमेंट देतानाच सांगितलं की जुन्या ऑपरेशनची नोट आणा, नुसती डिस्चार्ज समरी चालणार नाही, आत काय केलं, किती माप ठेवलं ते ज्यात लिहिलंय तो कागद. तो कागद मिळवायला जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमला किती खेटे घातले विचारू नका, पण तुमचंही आधी ऑपरेशन झालं असेल तर तो आजच मागून ठेवा, पेशंटचा हक्क आहे तो.

तिथे आधी एंडोस्कोपी, मग बेरियम पिऊन एक्स-रे, मग रक्ताची ही लांबलचक यादी. त्यातून निघालं असं: नळी ताणून मोठी झालेली नाहीये, म्हणजे "परत छोटी करून घेऊ" हा विषयच संपला. पण छातीच्या पडद्यापाशी हर्निया आहे, हायटस हर्निया म्हणतात, नळीचा वरचा भाग थोडा वर सरकलाय, आणि अन्ननलिका खालच्या टोकाला सोललेली. बी-१२ खाली, लोहाचा साठा तर तळाला. मला वाटायचं दम वजनामुळे लागतो.

मग डॉक्टरांनी जे विचारलं त्यासाठी मी चारही स्टार देते. म्हणाले, "ताई, ऑपरेशन तुम्हाला कशासाठी हवंय, वजनासाठी की जळजळीसाठी? दोन्हीचं उत्तर एक येत नाही." मला हे कोणी विचारलंच नव्हतं, मी दोन्हीचं एकच गाठोडं करून फिरत होते.

जळजळीसाठी म्हणाल तर स्लीव्हचा रू-एन-वाय बायपास करतात, तो त्यासाठी चांगला उपाय मानला जातो, त्याच वेळी हर्नियापण शिवता येतो. मिनी बायपास मात्र त्यांनी माझ्यासाठी नको म्हटलं, कारण त्यात आतड्याचा एकच जोड असतो आणि पित्त जठराच्या पिशवीत येऊ शकतं, ज्याची अन्ननलिका आधीच सोललेली आहे त्याला वर पित्त कशाला. रू-एन-वायमध्ये दोन जोड असतात, पित्ताची वाट खूप खाली नेऊन जोडतात. कागदावर चित्र काढून दाखवलं. आणि वजनासाठी म्हणाल तर सरळ सांगितलं की दुसऱ्यांदा साधारण पहिल्याएवढं उतरत नाही. आणखी जोरात उतरवणारी ऑपरेशनं आहेत, साडी-एस वगैरे (हसू नका, नावच तसं आहे), त्यात आतड्याचा बराच भाग बाजूला पडतो, मग पातळ संडास, प्रोटीन कमी पडणं, अ, ड, ई, के जीवनसत्त्वं कमी पडणं, आणि माझं लोह आत्ताच तळाला.

धोक्याचं बोलणं त्यांनी टाळलं नाही. पहिल्या ऑपरेशनमुळे आत सगळं चिकटलेलं असतं, त्यामुळे गळती, रक्तस्राव, इन्फेक्शन यांचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त. पण मला खरा घाम फुटला तो दुसऱ्याच गोष्टीला, आणि ही कोकणातल्या लोकांनी नीट वाचा. बायपासनंतर आतडं आतल्याच एखाद्या फटीत अडकू शकतं, इंटर्नल हर्निया. आणि ते काही वर्षांनीपण होऊ शकतं. पोटात जोरात कळ येते, तेव्हा लवकर सीटी स्कॅन आणि बायपासची माहिती असलेला सर्जन लागतो, गॅस झालाय म्हणून ओवा खाऊन बसलं तर आतडं काळं पडू शकतं. आता तुम्हीच बघा, आमच्याकडून निवळी, हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढायचा, पुढे मलकापूर आणि मग कोल्हापूर. चांगल्या दिवसांत तीनचार तास. जुलैत घाटात दरड आली की बसा. आणि मुंबईचं म्हणाल तर हायवेबद्दल मी काय वेगळं सांगू, आमचा मुलगा बारका होता तेव्हापासून काम चालूच आहे. डॉक्टरांनी विचारलं, अडीअडचणीला रात्री कुठे जाल, तिथे सीटी आहे का, सर्जन आहे का, ते आधी ठरवा मग ऑपरेशनची तारीख बोलू. मुंबईवाल्यांच्या पॅकेजमध्ये एअरपोर्ट पिकअप होता.

अजून दोन प्रश्न असे विचारले की मी आणि हे एकमेकांकडे बघत राहिलो. मिश्री लावता का? मी नाही, पण आमच्या वाडीत कितीजणी लावतात. तंबाखू कुठल्याही रूपात असली तर आधी बंद, सिगारेटने तर बायपासच्या जोडावर अल्सर होतात हे पक्कंच आहे. आणि गुडघ्यासाठी गोळ्या घेता का? घेते की, दिवसभर ओट्यापाशी उभी असते, डायक्लोफिनॅक घेतल्याशिवाय सीझन निघत नाही. बायपासनंतर त्या जातीच्या गोळ्या जवळजवळ कायमच्या बंद, त्यांनीपण अल्सर होतो. म्हणजे वजन उतरून गुडघा सुधारेल या आशेने ऑपरेशन करायचं, आणि तेवढं उतरलं नाही तर गुडघा तसाच आणि गोळीपण नाही. याचा विचार माझ्या मनात कधी आलाच नसता.

डाएटिशियनबद्दल. मुलगी हुशार, पण पहिला चार्ट छापील, त्यात ज्वारीची भाकरी, पनीर, मोड आलेले मूग, सगळं घाटावरचं. मी म्हटलं बाई गं आमच्याकडे भात आणि मासे. यासाठी अर्धा स्टार कापला, अर्धा वेटिंगसाठी. पण मग बसून तिने नवीन लिहून दिलं, आधी बांगडा नाहीतर अंडं, मग भाजी, भात शेवटी आणि मुठीएवढा, संध्याकाळी कुळथाची पिठी. ताट तर मी फार भरत नव्हतेच, स्लीव्हनंतर भरताच येत नाही. तिने विचारलं दिवसभरात चाखता किती? आता चाखणं हे माझं कामच, आमटीचा थेंब, मोदकाचं सारण, सोलकढीत मीठ बघायचं, सीझनला आमरसाची वाटी पुसायची. मऊ आणि पातळ पदार्थ त्या नळीतून अडकत नाहीत, पोट भरल्याचं कळत नाही, आणि नारळ आणि गुळाच्या कॅलरी तेवढ्याच. विलपॉवर वगैरे शब्द एकदाही काढला नाही तिने, उलट म्हणाली वजन उतरलं की शरीर भूक वाढवून ते परत मिळवायला बघतं, हे तुमच्या एकटीचं नाही. आता चाखायला सूनबाई (जावेची सून, माझी नाही).

वजन उतरवायच्या इंजेक्शनचं विचारलंच. मौंजारो भारतात मार्च २०२५ ला आलं, वेगोवी जूनमध्ये, तेव्हापासून आमच्याकडे येणारे मुंबईचे पाहुणेच अर्धं ताट ठेवून उठतात, मला बरोबर कळतं. वेगोवीच्या मोठ्या ट्रायलमध्ये ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, पण ती माणसं आधी ऑपरेशन न झालेली, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्याच्या दोन तृतीयांश परत आलं. डॉक्टर म्हणाले स्लीव्हनंतर वजन परत आलेल्यांनापण देतात, फायदा होतो, पण जठर रिकामं व्हायला वेळ लागतो त्यामुळे तुमची जळजळ वाढू शकते, म्हणून आधी अन्ननलिका भरून येऊ दे. इथेपण परत तेच, जळजळ आधी, वजन नंतर.

पैशाचं एक नक्की लिहिते कारण यात लोक फसतात. कॅम्पमध्ये मला सांगितलेलं "तुम्ही क्वालिफाय होता". ते खोटं नव्हतं, २०२२ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये आशियाई लोकांसाठी बीएमआय (उंचीच्या हिशोबाने वजनाचा आकडा) २७.५ च्या वर ऑपरेशनचा विचार करता येतो असं आहे. पण इन्शुरन्सचा नियम वेगळा. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरची सरकारी संस्था) अटीत बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त असून सोबत ठरावीक गंभीर आजार, जसं आटोक्यात नसलेली टाइप टू डायबिटीस, हृदयविकार किंवा गंभीर स्लीप ॲपनिया. माझा ३४, म्हणजे डॉक्टरांच्या हिशोबाने बसते आणि कंपनीच्या हिशोबाने नाही. हर्निया आणि रिफ्लक्ससाठी (म्हणजे हेच आंबट पाणी वर येणं) म्हणून क्लेम बसतो का, ते कोल्हापूरच्या डेस्कने कंपनीला लेखी विचारून ठेवलंय, उत्तर यायचंय. कॅम्पवाल्यांनी "बघू, होऊन जाईल" म्हटलेलं.

तर ठरलं काय. वजनासाठी म्हणून मी दुसरं ऑपरेशन करणार नाही, हे पक्कं. जळजळीसाठी आधी गोळ्या पूर्ण कोर्स, रात्रीचं जेवण लवकर (होमस्टेवाल्या बाईला हे सांगणं सोपं आहे, आमच्याकडे पाहुणे बीचवरून साडेनऊला येतात), लोहाचं सलाईन, बी-१२ ची इंजेक्शनं, आणि मग परत एंडोस्कोपी. तेव्हाही अन्ननलिका तशीच असेल तर रू-एन-वाय आणि हर्निया एकदम, आणि ते कोल्हापूरलाच. ह्यांचं म्हणणं पावसाळ्यात करू, धंदा बंद असतो. पण पावसाळ्यातच घाट बंद पडतो, आणि घाट चांगला असतो तेव्हा ख्रिसमसचं बुकिंग. शेवटी राजारामपुरीत नणंद आहे तिच्याकडे सुरुवातीचे आठवडे राहायचं ठरलंय, गणपती झाले की दिवाळीच्या आत. नणंदेला अजून विचारायचंय.

जाणाऱ्यांसाठी: सोमवारी जाऊ नका, गर्दी मरणाची. एंडोस्कोपीला उपाशीपोटी बोलावतात त्यामुळे पहाटे निघण्यापेक्षा आदल्या रात्री मुक्काम करा. झोपेचं इंजेक्शन देतात, परत येताना गाडी दुसऱ्या कोणीतरी चालवा. आणि डॉक्टर मराठीत बोलतात, सासूबाईंना पण सगळं कळलं, फक्त चित्रातलं आतडं बघून त्यांनी दुपारी जेवायला नको म्हटलं.