निवडणूक आयोगाचं निकालाचं संकेतस्थळ: आकडे चोख, पण केंद्रनिहाय तपशील नाही

मतदारसंघाचं पान उघडलं की प्रत्येक उमेदवारापुढे मतांचे तीन रकाने दिसतात: ईव्हीएमची मतं, टपाली मतं, एकूण. हीच या सेवेची खरी ताकद. 2024 च्या लोकसभेचं मुंबई उत्तर पश्चिमचं पान घ्या. ईव्हीएममध्ये अमोल कीर्तिकर 4,51,095, रवींद्र वायकर 4,51,094. म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे. टपालात वायकर 1,550, कीर्तिकर 1,501. बेरीज केली की वायकर 48 मतांनी विजयी. नुसती बेरीज छापली असती तर निकाल कुठे फिरला ते कळलंच नसतं.

आपल्याकडे जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागत नाहीत. सर्वांत जास्त मतं ज्याची, तो निवडून आला. नोटाचा (‘यापैकी कोणीही नाही’ या पर्यायाचा) आकडा पानावर असतो, पण तो विजेत्याहून मोठा असला तरी निकाल बदलत नाही. मतं अगदी समसमान झाली तर 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 65 नुसार चिठ्ठी टाकतात.

उणीव एक, आणि ती मोठी आहे. कोणत्या मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली, हे इथे मिळत नाही. त्यासाठी राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर नमुना 20, म्हणजे केंद्रनिहाय मतांचा तक्ता, शोधावा लागतो. त्याचा दुवा याच पानावर हवा. पानावरची मतांची टक्केवारी वाचताना जपा: ती पडलेल्या मतांची असते, एकूण मतदारांची नव्हे.