मयताच्या घरचं भजन: नागपुरातल्या मानेवाड्याकडच्या एका खंजेरी मंडळाविषयी

तेरवीपर्यंत रोज संध्याकाळी दीड तास. आठ-दहा जण, एक पेटी, तीन खंजेऱ्या, झांजा. माइक नाही, आणि याच एका गोष्टीसाठी मंडळाला मनापासून दाद द्यावीशी वाटते. माइक आला की घरची माणसं नुसती ऐकत बसतात. इथे ती गातात.

खरी मेख पट्टीची, म्हणजे गाण्याचा मूळ सा किती उंच धरायचा याची. उत्साहाच्या भरात पुष्कळ मंडळं पेटीची पांढरी चार ही उंच पट्टी लावतात. रडून बसलेल्या घशाला तो वरचा सा झेपत नाही, माणूस गप्प होतो. हे मंडळवाले काळी एक या खालच्या पट्टीतच सुरू करतात. म्होरक्या एक ओळ म्हणतो, श्वासापुरतं थांबतो, मग सगळे तीच ओळ धरतात. ध्रुपद, म्हणजे पालुपद, चार-चार वेळा. तिसऱ्या खेपेला कोपऱ्यातल्या बायांचे ओठ हलू लागतात. कुणाला हुंदका आला तर भजन थांबवत नाहीत, ध्रुपदच हळू आवाजात घोळवत राहतात. त्या आवाजाआड माणसाला मोकळं रडता येतं.

पहिली तीन भजनं संथच हवीत. लांब ओळीत श्वास सावकाश सुटतो, छातीतली धडधड उतरते. स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या २०१३च्या अभ्यासात सोबत गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोकेही सोबतच कमी-जास्त होताना दिसले. तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) खंजेरीवर गावंच्या गावं गायला बसवली, ती याच सामुदायिक सुरावर.

वाद्यांची निगा उत्तम. पावसाळ्यात खंजेरीचं कातडं सैलावून आवाज भद्द येतो, म्हणून ती आचेपासून हातभर लांब धरून शेकतात. जवळ नेली तर कडेला फाटते. मे महिन्यात उलट कातडं इतकं ताणतं की लहान खोलीत आवाज कानात टोचतो. तेव्हा आतून ओलसर फडकं फिरवतात.

खटकलं ते असं: भजनांच्या झेरॉक्सचा टाइप फार बारीक, म्हाताऱ्यांना वाचताच येत नाही. तेरवीच्या दिवशी बाहेरून आणलेल्या गायकाने अर्धा तास एकट्यानेच ताना घेतल्या, आणि इतके दिवस गाणारी खोली मुकी झाली. हे बंद व्हावं.

मानधन घेत नाहीत. चहा आणि बसायला दरी पुरते. बौद्ध घरी पुण्यानुमोदनाला (मृत्यूनंतरच्या विधीला) वंदना आणि भीमगीतं म्हणणारे वेगळे लोक लागतात, हे ते आधीच सांगतात. बोलवायचं तर तिसऱ्या दिवसापासून बोलवा. आधीचे दोन दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, भजनाला बसायला जागा उरत नाही.