विक्रीपूर्वी घर सज्ज करून देणारी सेवा : पाचपाखाडीतील एका जुन्या घराचा अनुभव

पाचपाखाडीतील आमचे टू बीएचके घर विकायचे ठरले, तेव्हा इमारतीला तीस वर्षे उलटून गेली होती आणि आईच्या पश्चात घर दीड वर्ष बंद होते. कार्पेट ५४० चौरस फूट, तळमजला अधिक चार मजल्यांच्या इमारतीत दुसरा मजला, लिफ्ट नाही, गाडीला हक्काची जागा नाही. पाणी मात्र भरपूर आणि ठाणे स्थानकाला जायला रिक्षा दारात, असा जमाखर्च होता. दलालाने पहिल्या महिन्यात चार कुटुंबे आणली. त्यांपैकी तिघांनी आतल्या खोलीपर्यंतही न जाता किंमत पाडून मागितली, आणि चौथ्या कुटुंबातील आजींनी उंबरठ्यातच नाकाला पदर लावला. कपाटांतील डांबरगोळ्यांचा वास आम्हाला सवयीमुळे जाणवतच नव्हता. त्याच संध्याकाळी मी विक्रीपूर्वी घर सज्ज करून देणाऱ्या एका सेवेला फोन केला. तिचे नाव येथे देत नाही, कारण माझी एक तक्रार गंभीर आहे, तिच्यातील निम्मा दोष त्यांनी मान्य केला आहे आणि उरलेल्या निम्म्याचा वाद अजून मिटायचा आहे. तरीही अशा मंडळींकडून काय करून घ्यावे आणि कशाला नम्रपणे नकार द्यावा, हे या अनुभवावरून नक्की सांगता येईल.

पाहणीचे शुल्क ५,००० रुपये होते आणि काम दिल्यास ते बिलातून वजा होणार होते. पाहणीसाठी आलेली तरुणी हातात टॉर्च, फूटपट्टी आणि एक रुपयाचे नाणे घेऊन आली होती. नाण्याचा उपयोग मला आधी कळला नाही; तिने हॉलमधील लाद्यांवर ते ठकठक वाजवायला सुरुवात केली, तेव्हा सोफ्याखालच्या दोन लाद्या पोकळ वाजल्या. तिने प्रत्येक नळ पूर्ण उघडून पाण्याची धार पाहिली, फ्लश दोनदा ओढला, खिडक्यांचे प्रत्येक सरकते पल्ले पुढेमागे केले, माळ्यावर चढून मागच्या कोपऱ्यातील गोणपाट बाजूला सारले आणि न्हाणीघराच्या दाराच्या खालच्या कडेला नखाने टोचून पाहिले. दार आतून भुसभुशीत झाले होते. आम्ही दोन वर्षे ते पायाने ढकलून लावत होतो. तिसऱ्या दिवशी आलेल्या अहवालात ४१ बाबी होत्या, आणि त्यांतील बऱ्याचशा कामांना खर्चापेक्षा चिकाटीच अधिक लागणार होती: पिवळे पडलेले स्विचबोर्ड, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या, ट्रॉलीची अडकणारी चाके, सेफ्टी डोअरची सैल कडी, फरशीच्या सांध्यांत बसलेला काळेपणा. संपूर्ण व्यवहारात पैसे पुरेपूर वसूल झाले असे मी ज्या दोन गोष्टींबद्दल म्हणेन, त्यांपैकी ही पाहणी एक.

या सेवेचे आणखी एक कौतुक करायला हवे. स्वयंपाकघरातील कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइट बसवावे आणि मॉड्युलर किचन करून घ्यावे, असे माझ्या मनात होते. त्यांनी स्पष्टपणे नको म्हटले. ओट्याची उंची, गॅसची जागा, कपाटांचा रंग ही घेणाऱ्या बाईच्या आवडीची बाब असते. आपण लाखभर रुपये घालावेत आणि तिने पहिल्याच महिन्यात ते उखडून टाकावे, यात कोणाचेच भले नाही. ओट्याला पॉलिश, सिंकला नवा नळ, लाद्यांच्या सांध्यांत एपॉक्सी ग्राउट आणि कोनाड्यातील तेलकट जाळी बदलणे, एवढ्यावर स्वयंपाकघर उजळले. मोठे काम गळ्यात मारण्याची आयती संधी त्यांनी सोडली, हे विशेष.

किरकोळ दुरुस्त्यांना एवढे महत्त्व का, हे मला त्यांच्या व्यवस्थापकांनी आकडे मांडून दाखवले, तेव्हा खरे पटले. समजा घर १ कोटी २० लाखांचे आहे. ७५ लाखांवरील गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक मालमत्तेच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते, म्हणजे ३० लाख रुपये घेणाऱ्याला स्वतःचे उभे करावे लागतात. ठाण्यात मेट्रो अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के पडते, म्हणजे आणखी ८ लाख ४० हजार. घर केवळ स्त्रीच्या नावाने घेतले तर त्यात एक टक्का सवलत मिळते, पण पतीपत्नी दोघांची नावे असली की ती मिळत नाही. नोंदणी शुल्काचे ३० हजार आणि दलाली वेगळी. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा हा खर्च बँक कर्जाच्या हिशेबात धरत नाही. एवढी रोकड मोजून झाल्यावर घेणाऱ्याच्या हाती प्लंबर आणि रंगाऱ्यासाठी फारसे काही उरत नाही, आणि म्हणूनच वीस हजारांची दुरुस्ती दिसली की तो दोन लाख कमी करा म्हणतो. आमच्या दारातून परत गेलेल्या तिघांचा हिशेब मला त्या दिवशी उलगडला.

अंदाजपत्रक २,८५,००० रुपयांचे होते. त्यात १,९०,००० दुरुस्ती व रंगकामाचे, ६०,००० पंचेचाळीस दिवसांसाठी भाड्याने आणलेल्या फर्निचरचे, १५,००० छायाचित्रांचे आणि २०,००० देखरेखीचे. प्रत्यक्षात ३,१२,००० झाले, कारण शौचालयाचेही दार बदलावे लागले आणि गीझरची वायर जळकी निघाली. मुदत अठरा दिवसांची सांगितली होती, सव्वीस लागले. यातील काही दिवस सोसायटीच्या नियमांमुळे गेले, कारण दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद आणि रविवारी कामच नाही. परंतु ठाण्यात काम करणाऱ्यांना हे नियम नवे नसावेत, त्यामुळे ती सबब मी अर्धीच मान्य करते. राडारोडा मात्र त्यांनी गोण्यांत भरून रोजच्या रोज खाली नेला आणि जिना झाडून घेतला, ज्यामुळे खालच्या मजल्यावरील काकांशी होणारे माझे भांडण टळले.

आता तक्रार. मागच्या शयनगृहाच्या पश्चिमेकडील भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून ओल येत असे. पाहणी करणाऱ्या तरुणीने अहवालात त्या बाबीपुढे 'बाहेरून पाणी, सोसायटीकडे पाठपुरावा' असे स्वच्छ लिहिले होते. कामाच्या वेळी सुपरवायझरने ते वाचले नाही, किंवा वाचूनही सोपी वाट धरली. मे महिन्यात भिंत कोरडी ठणठणीत होती; त्याने पोपडे खरवडले, आतून ओलरोधक लेप दिला, पुट्टी भरली, प्रायमर मारला आणि वर मोतिया रंगाचे दोन हात दिले. भिंत इतकी सुरेख दिसली की मी स्वतः तिचे फोटो बहिणीला पाठवले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागून राहिला आणि चौथ्या दिवशी त्या कोपऱ्यात तळहाताएवढा फुगा आला. बोटाने दाबल्यावर तो पापडासारखा मोडला आणि आतून ओली पुट्टी हाताला लागली. पाणी बाहेरून, चज्ज्याच्या सांध्यातील भेगेतून प्लास्टरमध्ये शिरत होते. आतून लेप लावल्याने ते थांबत नाही, फक्त भिंतीत अडकून राहते आणि रंगाला पाठीमागून ढकलते. हे कोणताही जुना गवंडी सांगेल. त्या आठवड्यात घर पाहायला आलेल्या एका गृहस्थांनी मोबाइलचा टॉर्च त्या कोपऱ्यावर धरला आणि शांतपणे विचारले, "हे नुकतेच रंगवले आहे ना?" जुनी, उघडी ओल त्यांनी कदाचित चालवून घेतली असती. ताज्या रंगाखालची ओल म्हणजे लपवाछपवी, असाच अर्थ कोणीही काढेल, आणि त्यांनी तो काढला.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक वाहिन्यांची गळती दुरुस्त करणे संस्थेचे काम आहे, तर घरातील शौचालय, सिंक यांच्यामुळे होणारी गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. म्हणजे मे महिन्यात एक अर्ज दिला असता, तर कोरड्या दिवसांत दोरीला लटकून भेग बुजवणारा माणूस सोसायटीच्या खर्चाने आला असता. तो आला जुलैच्या उघडिपीत, मी अर्ज दिल्यानंतर. सेवेने आतला रंग पुन्हा विनामूल्य करून दिला. लेपाचे पैसे मात्र परत दिले नाहीत आणि आमच्या हातून गेलेल्या त्या गिऱ्हाइकाचा तर प्रश्नच नाही.

मांडणीबद्दल माझे मत संमिश्र आहे. माळ्यावरून चौदा पितळी व स्टीलची भांडी, पाटा-वरवंटा, तीन बॅगा आणि वडिलांची जुनी मासिके खाली उतरल्यावर घर खरोखर मोठे वाटू लागले, हे नाकारता येत नाही. सगळीकडची पांढरीफेक ट्यूब काढून हॉलमध्ये थोडा उबदार, ४००० केल्विनचा प्रकाश दिला, त्यामुळे संध्याकाळी नोकरीवरून थेट घर पाहायला येणाऱ्यांना घराचा चेहरा बरा दिसू लागला. वासावर त्यांनी आधी लव्हेंडरचा फवारा मारला होता. मी तो बंद करवला, तीन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या आणि कपाटे आतून पुसून घेतली, तेव्हा वास गेला.

फर्निचर मात्र माझ्या गळी उतरले नाही. शयनगृहात त्यांनी साडेचार फुटी पलंग ठेवला होता, जेणेकरून खोलीत दोन्ही बाजूंनी फिरता येते असे दिसावे. एका बाईंनी पर्समधून टेप काढला, पलंग मोजला, मग खोली मोजली, आणि माझ्याकडे बघून हसल्या. त्या हसण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. छायाचित्रांतही हाच प्रकार: रुंद कोनाच्या भिंगामुळे आमचा दहा बाय पंधराचा हॉल लग्नाच्या कार्यालयासारखा दिसत होता, आणि तो पाहून आलेली माणसे दारातच थबकत. मी दुसऱ्यांदा साध्या कॅमेऱ्याने फोटो काढायला लावले. भेटी कमी झाल्या, पण आलेली माणसे निदान शेवटच्या खोलीपर्यंत जाऊ लागली.

सर्वांत विनोदी चूक देवघराची. स्वयंपाकघराच्या पूर्वेकडील कोनाड्यात आईचा सागवानी देव्हारा होता. मांडणी करणाऱ्या मुलाने तो 'जागा मोकळी दिसावी' म्हणून कपाटात ठेवला आणि तेथे कॉफीचे मग, एक खोटे रोपटे आणि इंग्रजी अक्षरांची पाटी मांडली. पुढच्या रविवारी कळव्याहून एक जोडपे आपल्या आईंना घेऊन आले. त्या आईंनी दोन्ही शयनगृहांकडे ओझरते पाहिले, स्वयंपाकघरात आल्या, चारही भिंतींकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ताई, तुमचे देव कुठे होते हो?" मी कपाट उघडून देव्हारा दाखवला आणि कोनाड्याकडे बोट केले. त्यांनी कॉफीचे मग बाजूला सारून कोनाड्यावर हात फिरवला, पूर्व कुठे ते विचारले आणि मुलाला आत बोलावले. त्याच संध्याकाळी मी पाटी आणि रोपटे उचलून देव्हारा जागेवर ठेवला. ठाण्यातील मध्यमवर्गीय घराची मांडणी करताना देवघर नाहीसे करणे, हे गिऱ्हाईक न ओळखण्याचे लक्षण आहे.

पैसे वसूल झालेली दुसरी गोष्ट म्हणजे कागदांची फाइल. तिचे वेगळे ४,००० रुपये घेतले आणि मला ते आधी जास्त वाटले. मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडचा व्यवहाराचा उतारा), भागपत्र (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट), भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, महापालिकेच्या मालमत्ता कराची पावती, वीजबिल, सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र आणि संरचनात्मक तपासणीचा अहवाल त्यांनी क्रमाने लावला. या शेवटच्या कागदाचे महत्त्व मला ठाऊक नव्हते: उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदा तपासणी व्हायला हवी, आणि जुनी इमारत घेणारा सावध माणूस हा अहवाल मागतोच. फाइल लावतानाच भागपत्र अजून वडिलांच्या नावावर असल्याचे लक्षात आले. नामनिर्देशन माझे होते, पण तेवढ्याने मालकी येत नाही, आधी वकिलाकडे जा, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. पुण्याच्या बहिणीचे हक्कसोडपत्र नोंदवून भागपत्र माझ्या नावे होईपर्यंत पाच आठवडे गेले. गिऱ्हाईक समोर बसले असताना हे निघाले असते, तर सौदा तिथेच थांबला असता.

घर ऑगस्टमध्ये त्या कळव्याच्या कुटुंबालाच दिले. सजावटीपूर्वी आलेल्या सर्वांत मोठ्या मागणीपेक्षा सहा लाख अधिक मिळाले. त्यातील किती श्रेय दुरुस्तीचे आणि किती कोनाड्याचे, हे मी मोजत बसले नाही. पुन्हा वेळ आली, तर पाहणी, दुरुस्ती आणि फाइल एवढेच घेईन, रंगाच्या आधी ओलीचा उगम लेखी मागेन, आणि फर्निचरचे ६०,००० वाचवीन. लेपाच्या पैशांसाठी मी त्यांना दुसरे पत्र पाठवले आहे. त्यासोबत त्यांच्याच अहवालातील त्या ओळीची प्रत जोडली आहे. कळव्याच्या आईंनी देव्हारा मागून घेतला. देव मी पुण्याला नेले.