कालवडीला आकडी आली तेव्हा आलेले डॉक्टर : पाचपैकी साडेचार

डॉक्टरांचं नाव लिहीत नाही. त्यांनीच सांगितलंय, "वहिनी, आधीच फोन थांबत नाही." फलटण तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या कडेनं ज्यांच्या वस्त्या आहेत, त्यांना पांढरी मोटरसायकल आणि मागं बांधलेला निळा डबा म्हटलं की कळेल.

आमच्याकडं चार होस्टन गायी आणि एक आठ महिन्यांची कालवड, चिमी. श्रावणातली गोष्ट. सकाळी धारा काढताना चिमीनं वैरणीला तोंड लावलं नाही, नुसती करकर दात खात उभी. कान आणि पापण्या फडफडत होत्या. दहाच्या सुमाराला भिंतीला डोकं लावून रेटायला लागली आणि बघता बघता कोसळली. पाय झाडतेय, तोंडाला फेस, डोळे फिरलेले. मिनिटभरानं थांबली, उठली, गव्हाणीवर जाऊन आपटली. दिसतच नव्हतं तिला.

अशा वेळी वस्तीवर डॉक्टर पंधरा जमतात. एकानं कांदा फोडून नाकाला लावला, एकानं चप्पल हुंगवली. जीभ आत जाईल म्हणून धाकट्या दिरांनी तोंडात हात घातला. शेजारच्या आण्णांनी विळा तापवून डाग द्यायचं काढलं, तेव्हा मात्र मी आडवी झाले. सासूबाई तेल पाजा म्हणत होत्या. मी फोन लावला. डॉक्टरांनी पलीकडून तीनच गोष्टी सांगितल्या. तोंडात काही ओतू नका, फुप्फुसात जाईल. तोंडाला हात लावू नका. दावं सोडा, डोक्याखाली पोतं सारा आणि लांब उभे राहा.

यायला पन्नास मिनिटं लागली. अर्धा गुण तिथं कापला. वाटेत दुसरी गाय अडली होती म्हणे, खरंही असेल, पण ती पन्नास मिनिटं मी मोजलेली आहेत. तेवढ्यात आणखी दोन झटके येऊन गेले.

आल्यावर आधी हातमोजे घातले आणि विचारलं, कुत्रं चावलंय का? गेल्या दोन-तीन महिन्यांत पिसाळलेलं कुत्रं वस्तीवर आलं होतं का? आवाज घोगरा झालाय का? मग दिरांकडं बघून म्हणाले, "तुम्ही तोंडात हात घातला? साबण घ्या, पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा, आणि आजच आरोग्य केंद्रात जाऊन लसीचं विचारा." दीर हसले. डॉक्टर हसले नाहीत. जनावर पिसाळलेलं असेल तर त्याला औषध नाही आणि माणसालाही लक्षणं दिसल्यावर नाही, एवढंच बोलले. दीर गेले गुमान.

झटके थांबायचं इंजेक्शन शिरेत दिलं, अगदी सावकाश. कालवड शांत झाल्यावर ताप बघितला, नव्हता. मग डोळ्यासमोर पटकन हात नेला, तर चिमीनं पापणी हलवली नाही. बॅटरी मारली, तर बाहुली बारीक झाली. मला जवळ बोलावून ते दोनदा करून दाखवलं. म्हणाले, डोळा चांगला आहे, सूज मेंदूला आहे. इतकी वर्षं जनावरं सांभाळतेय, हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

आणि मग चौकशी. ज्वारीचे कोवळे फुटवे खाल्ले का? नाही, आणि किरळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीचं विष, लागली असती तर मी पोचेपर्यंत जनावर टिकलं नसतं, हेही तेच म्हणाले. युरियाचं पोतं फुटलंय का? पिकावर काय फवारलं? जेवणावळीतला भात, पिठाचे गोळे, मळी घातली का? त्यानं पोटातलं बी-वन जीवनसत्त्व तुटतं आणि अशीच आकडी येते म्हणे. सगळ्याला नाही म्हटल्यावर ते उठले आणि गोठ्याच्या मागं गेले. तिथं मालकांनी "लागेल कधीतरी" म्हणून ठेवलेली ट्रॅक्टरची जुनी बॅटरी होती. एका बाजूनं फुटलेली, आतल्या प्लेटा उघड्या आणि चाटून चाटून चकचकीत झालेल्या.

शिसं. तरणं जनावर दिसेल ते चाटतं. तुकडे जाळीपोटात जाऊन बसतात आणि शिसं रोज थोडं थोडं अंगात भिनत राहतं. रक्त घेऊन बाटली प्रयोगशाळेला पाठवली, पण उपचार रिपोर्टसाठी अडवून धरले नाहीत. बी-वनची इंजेक्शनं दिवसातून दोनदा, सूज उतरायचं एक, आणि नळीवाटे पोटात मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे पोटातलं शिसं बांधलं जाऊन शेणावाटे जावं. शिसं अंगातून ओढून काढणारं खास औषध तालुक्यात मिळेना, पुण्याहून तिसऱ्या दिवशी आलं. जगेलच असं ते एकदाही बोलले नाहीत. "निम्मं निम्मं धरा," म्हणाले.

तक्रार म्हणाल तर ही. चिमीशेजारी बांधलेली काळी गायही तिकडं तोंड घालायची, असं माझ्याच तोंडून निघालं. लगेच तिचंही रक्त घेतलं आणि रिपोर्ट येईपर्यंत तिचं दूध डेअरीला घालायचं नाही, घरातही नाही. दुधातून शिसं उतरतं, आणि लहान पोरांच्या मेंदूला ते सगळ्यात वाईट. रिपोर्ट नऊ दिवसांनी आला. रोजचं अकरा लिटर, 34 रुपये भाव, करा हिशोब. काळीचं रक्त चांगलं निघालं. तेव्हा मला डॉक्टरांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? घरात चार वर्षांची नात आहे, म्हणून बोलले नाही.

दोन वर्षांपूर्वी आमची हिरा व्याल्यावर दुसऱ्याच दिवशी थरथरून बसली, मान कुशीला घातली. तेव्हा आलेला माणूस दुसराच. डॉक्टर होता की नाही, देव जाणे. कॅल्शियमची 450 मिलीची थंड बाटली शिरेला लावून उंच धरली आणि दोन-तीन मिनिटांत रिकामी केली. हिरा तिथंच ताठ झाली. आमच्या नशिबावर घालून तो पैसे घेऊन गेला. ही गोष्ट या डॉक्टरांना सांगितली तर त्यांनी त्या माणसाला नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणाले, बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, छातीला नळी लावून ठोके ऐकत दहा-वीस मिनिटं घालवायची, ठोके चुकले की थांबायचं. हिरा त्यानंच गेली का, हे मी विचारलं नाही.

पैसे : येण्याचे दर खेपेला 400, औषधं वेगळी, आठ दिवसांचे सगळे मिळून 6,850. पावती मागितली की देतात, पण त्यावरचं अक्षर त्यांचं त्यांनाच वाचता येत असेल. फोन सकाळी आठच्या आत करा, नंतर सहसा लागत नाही. शिकाऊ पोरगा बरोबर असतो, तो इंजेक्शन देतो म्हणाला तर डॉक्टरांनाच द्यायला सांगा. एकदा त्यानं शीर चुकवून चिमीची मान सुजवली होती.

झटके पहिल्या रात्रीनंतर आले नाहीत. पाचव्या दिवशी मी हिरवा मका घेऊन गेले तर चिमीनं मान वळवून बघितलं. आता धडधाकट आहे, फक्त डाव्या अंगाला दाराची चौकट अजून कधीतरी घासते. डॉक्टर म्हणतात, तेवढं राहील कदाचित.

बॅटरी भंगारवाल्यानं 700 रुपयांना नेली. मालक अजून म्हणतात, तिच्यात जीव होता.