कोको भाजायला कॉफीचा ड्रम रोस्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी मशीन कसलं ते सांगतो. आडवा, छिद्रांचा स्टीलचा ड्रम, त्याच्यामागे क्वार्ट्झचे दोन हीटर रॉड, १२०० वॉट, खाली कचऱ्याचा ट्रे. खोक्यावर लिहिलंय ५०० ग्रॅम कॉफी. घरगुती आकारात खास कोकोसाठी बनवलेलं मशीन सहसा हाती लागत नाही. मिळतो तो कॉफीचा रोस्टर, आणि तो कोकोला कितपत जुळतो एवढंच बघायचं असतं.

विकत घेताना कमाल तापमानाकडे बघू नका. कॉफी २०० अंशांच्या वर जाते, कोकोची बी साधारण १२० ते १४० अंशांत उतरवायची असते. ताकद सगळ्यांकडेच पुरेशी असते. तीन गोष्टी बघा: आच टप्प्याटप्प्याने कमी करता येते का, हवेचं नव्हे तर बीचं तापमान कळतं का, आणि भाजलेला माल लवकर थंड होतो का. नुसत्या तयार प्रोग्रॅमवर चालणारं, हाताने आच बदलू न देणारं मशीन कोकोसाठी घेऊच नये. ते प्रोग्रॅम कॉफीसाठी बांधलेले असतात.

क्षमतेच्या बाबतीत मात्र कोको सोयीचा. कॉफी भाजताना फुगून जवळपास दुप्पट होते, म्हणून ड्रममध्ये तेवढी जागा सोडलेली असते. कोको फारसा फुगत नाही, त्यामुळे याच ड्रममध्ये ९०० ग्रॅम आरामात बसतो. त्याहून जास्त भरला तर बिया उलटत नाहीत, नुसत्या सरकतात, आणि घाणा दोनरंगी निघतो. ९०० ग्रॅम कच्च्या बियांतले पन्नासेक ग्रॅम पाणी म्हणून उडतात, टरफल आणि पाखडताना होणारी नासाडी वजा जाता ६८० ते ७०० ग्रॅम निब्ज, म्हणजे टरफल काढलेल्या बीचे तुकडे, उरतात. ७० टक्के कोकोच्या चॉकलेटला तेवढे घेतले की एक किलोच्या आसपास माल होतो. तुमच्या मेलँजरला (निब्ज दळून चॉकलेट करणाऱ्या दगडी यंत्राला) एका वेळी किती लागतं, त्यावरून ड्रमचा आकार ठरवा.

मशीनचा स्वतःचा सेन्सर भिंतीला असतो आणि तो कोठीतल्या हवेचं तापमान दाखवतो. सुरुवातीला हवा आणि बी यांत मोठी तफावत असते, शेवटी ती कमी होते, पण मिटत नाही. ड्रमचा आस पोकळ असेल तर त्यातून के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आत घालून टोक बियांच्या ढिगात बुडेल असं वाकवा. छोटा घाणा घेतलात तर टोक उघडं पडतं आणि पुन्हा हवाच मोजली जाते. या ड्रममध्ये ४०० ग्रॅमच्या खाली जाण्यात अर्थ नाही. इन्फ्रारेड बंदूक काचेतून चालत नाही, ती काचेचंच तापमान सांगते.

भाजण्याचा क्रम असा बसला आहे. रिकामा ड्रम दोन-तीन मिनिटं तापवायचा, बिया घालून पूर्ण आच ठेवायची. आठ-नऊ मिनिटांत बी ९५ ते १०० अंशांवर येते; तोवर मुख्यतः पाणीच जात असतं. इथून आच ६० ते ७० टक्क्यांवर आणायची, म्हणजे मिनिटाला तीनेक अंश चढतात. याच टप्प्यात व्हिनेगरचा वास नाकाला झोंबतो. अॅसेटिक आम्ल ११८ अंशांना उकळतं, पण त्याच्या आधीपासूनच ते पाण्याच्या वाफेबरोबर निघू लागतं. खिडकी उघडी असू द्या. मग झोंबणं ओसरून केक भाजल्यासारखा वास येतो. नाजूक, फळांच्या वासाच्या बिया १२२ ते १२५ ला थांबवा, आंबूस आणि तुरट बिया १३० पर्यंत न्या. एकूण वेळ १७ ते २० मिनिटं. अधूनमधून टरफल तडकल्याचा आवाज येतो, पण कॉफीचे दाणे फुटतानाच्या पहिल्या तडक्यासारखा तो भरवशाचा नाही.

आच घाबरत घाबरत पार खाली आणली तर तापमान एकाच जागी रेंगाळतं, वास उडून जातो आणि चॉकलेट सपाट लागतं. करपण्याइतकाच हाही दोषच, फक्त तो उशिरा लक्षात येतो.

घड्याळावर विसंबू नका, कारण विजेचा दाब बदलतो. हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते: दाब १० टक्के उतरला की आच १९ टक्क्यांनी उतरते. तोच घाणा, तेवढीच मिनिटं, आणि माल कच्चट.

मशीनची खरी कमजोरी थंड करण्यात आहे. हीटर बंद केल्यावरही बी तीन-चार अंश चढते, आणि आतल्या पंख्याने ड्रममध्येच गार करायला दहा मिनिटांहून जास्त लागतात. तेवढे अंश आधीच थांबवा, जाड हातमोजे घालून माल जाळीच्या ट्रेवर ओता आणि खालून पंखा लावा. चार-पाच मिनिटांत काम होतं. पूर्ण गार झाल्याशिवाय फोडू नका. बीत निम्म्याहून जास्त कोको बटर, म्हणजे कोकोची चरबी, असतं. कोमट असताना निब्ज मऊ राहतात, टरफलापासून स्वच्छ सुटत नाहीत.

छिद्रांच्या ड्रमचा दुसरा त्रास म्हणजे तुकडे. फुटकी बी, बारीक निब्ज खाली पडतात, ट्रेमध्ये करपतात आणि धुराची चव सगळ्या घाण्याला लागते. म्हणून बिया आधी ड्रमच्या छिद्रांपेक्षा थोड्या मोठ्या जाळीतून चाळा. निवडताना खडे, काड्या, चिकटलेल्या जोडबिया आणि चपट्या पोकळ बिया काढा. जोडबी आत कच्ची राहते, चपटी सगळ्यांत आधी जळते. घाणा सारखा भाजला का, हे दहा बिया मोडून आतला रंग शेजारी शेजारी बघितला की कळतं.

भिंती भरीव असलेला ड्रम तुकडे गाळत नाही, पण तापलेल्या धातूला टेकून टरफल डागतं. आच आणखी जपून द्यावी लागते. पॉपकॉर्नच्या हवेच्या यंत्रात जेमतेम १०० ग्रॅम मावतात आणि हवा इतकी गरम असते की गाभा तयार होण्याआधी साल जळते. साधा ओव्हन त्याहून बरा: बियांचा एकच थर आणि दर चार-पाच मिनिटांनी ढवळणं. महिन्याला किलोभर चॉकलेट करणाऱ्याला रोस्टरची गरजच नाही, असं माझं मत आहे.

ज्यात कॉफी भाजली आहे त्यात कोको घालू नये. कोको बटर वास धरतं आणि तो वास पुढे मेलँजरमध्ये दळतानाही उडून जात नाही. कच्च्या बिया अनेकदा उघड्यावर वाळवलेल्या असतात, त्यांच्यावर साल्मोनेला हा आजार करणारा जिवाणू असू शकतो. भाजल्याने तो मरतो, पण कच्च्याचा डबा, माप आणि ट्रे भाजलेल्या मालाला लागले तर त्याचा उपयोग नाही. दोन्हींची भांडी वेगळी ठेवा.

देखभाल थोडी आहे. प्रत्येक घाण्यानंतर ट्रे रिकामा करायचा, गार झालेले रॉड कोरड्या कापडाने पुसायचे आणि बोटाचा तेलकट डाग राहू द्यायचा नाही, कारण अशा डागांनी क्वार्ट्झ खराब होतो. ड्रम कुरकुरू लागला तर आधी आसाच्या टोकाशी अडकलेली टरफलं काढून बघा.