ब्लूनोजचं किट: लाकूड छान, पुस्तिका कामचलाऊ, दोरा टाकून द्या

माझा पोटापाण्याचा धंदा शिवणकामाचा. त्यामुळे लाकडी जहाजाची छोटी प्रतिकृती जोडायचं किट उघडलं तरी माझा हात आधी दोऱ्याच्या गुंडीकडे जातो. या किटमधला दोरा भिकार आहे, हे आधीच सांगून टाकते. पण बाकीचा ऐवज असा आहे की दोऱ्यापायी किट सोडू नये.

जहाज आहे ब्लूनोज. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात, लुनेनबर्गला बांधलेली दोन डोलकाठ्यांची मासेमारी स्कूनर, म्हणजे शिडाचं जहाज. १९२१ साली पाण्यात उतरली, शर्यतींत नाव काढलं आणि पुढे तिथल्या दहा सेंटच्या नाण्यावर जाऊन बसली. मूळ लांबी १४३ फूट. किट १:७५ मापाचं, म्हणजे नुसतं अंगच ५८ सेंटिमीटर, आणि पुढे निघालेला दांडा वेगळा. उंचीही कमी नाही. तेव्हा विकत घेण्याआधी ठेवायची जागा टेप लावून मोजा.

खोक्यावर ‘नवशिक्यांसाठी’ असं छापलंय. ते निम्मं खरं आहे. तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेपेक्षा इथे दोरकाम खूप कमी, तोफा नाहीत, कोरीवकाम नाही. पण अंगाचा आकार मात्र सोपा नाही. मागचा भाग पाण्याबाहेर लांबवर निघालेला असतो आणि तिथे फासळ्यांवर चिकटवायच्या लाकडी पट्ट्यांना चांगलाच पीळ द्यावा लागतो. ज्यांना पहिल्याच खेपेला सोपं काम हवंय त्यांनी सपाट तळाची एखादी छोटी होडी घ्यावी.

प्लायवूडचा कणा आणि फासळ्या लेझरने कापलेल्या आहेत, आणि इथे कंपनीला पैकीच्या पैकी गुण. खाचा घट्ट बसतात, ठोकाठोकी करावी लागत नाही. कणा काचेवर आडवा ठेवून पाहिला, कुठेही बाक नव्हता. लेझरने जळून कडा तपकिरी होतात. जिथे ग्लू लागणार तिथली ती काजळी पॉलिश पेपरने काढायची, कारण जळक्या लाकडावर ग्लू नीट धरत नाही. पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही. पुढच्या-मागच्या फासळ्यांच्या कडा तिरक्या घासायच्या असतात, तेही एका धूसर फोटोवर भागवलंय. एक लांब पट्टी सगळ्या फासळ्यांवरून टेकवून बघा. कुठे अधांतरी राहिली किंवा टोचली, तर घासकाम बाकी आहे असं समजा.

आता पट्ट्या. पहिला थर लाइमवुडचा, म्हणजे लिंडेन झाडाच्या मऊ लाकडाचा, दीड मिलिमीटर जाडीचा. दुसरा अक्रोडाचा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. लाइमवुड सुरेख आहे. रेषा सरळ, गाठी नाहीत, पाण्यात भिजवलं की निमूट वळतं. पण जहाजाचं अंग मधे फुगीर आणि टोकाला निमुळतं, पट्टी मात्र सगळीकडे सारख्याच रुंदीची. तशीच लावत गेलात तर पुढे जाऊन एकीवर एक चढणार. कपड्याला टक्स घालून जादा कापड जिरवतात, तसंच इथे जादा लाकूड जिरवायचं असतं. मधल्या फासळीचा घेर कागदाच्या पट्टीने घ्या. समजा तो १०० मिलिमीटर भरला आणि पट्टी ५ ची आहे, तर वीस पट्ट्या. पुढच्या टोकाला घेर ६० भरला तर तिथे प्रत्येक पट्टी ३ मिलिमीटरवर आणायची. निम्म्याहून खाली मात्र उतरवू नका, टोक चिरतं. मागे उलटं होतं, तिथे फट पडते आणि पाचर घालावी लागते. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे असं आलटून पालटून लावा, नाहीतर ताणाने कणा वाकतो. हा एवढा हिशेब पुस्तिकेच्या अर्ध्या पानात मावला असता. तिथे फक्त ‘पट्ट्या लावा’ असं आहे आणि पुढच्या फोटोत जहाज तयार!

झाकणावरच्या फोटोत अंग नुसत्या वॉर्निशचं, अक्रोडी रंगाचं दाखवलंय. दिसतं देखणं, पण खरी ब्लूनोज वरून काळी आणि पाण्याखाली तांबडी होती. मी रंगच दिला. नवख्यांनाही तेच सांगेन, कारण रंगाखाली पुट्टी खपते, वॉर्निशखाली नाही.

दोऱ्याकडे येते. सुती, सैल पिळाचा आणि लव सुटलेला. अर्ध्या मिलिमीटरची लव १:७५ च्या हिशेबाने पावणेचार सेंटिमीटरची होते, म्हणजे जहाजभर केसाळ दोर. मेण लावून ती थोडी बसते, पण पिळाचा सैलपणा मेणाने जात नाही. चांगल्या पिळाचा पॉलिस्टर दोरा घ्या. तीन जाड्या पुरतात.

शिडांचं कापड तर मला बघवेना. शिवण यंत्राची, टाका दोन मिलिमीटरचा. खऱ्या जहाजावर तो पंधरा सेंटिमीटरचा टाका झाला! मी शिडं लावलीच नाहीत. मात्र शिडं नसतील तर वरचा तिरका दांडा हवेत टांगलेला ठेवू नका, तो खाली उतरवून खालच्या आडव्या दांड्यावर टेकवायचा. आराखड्यात फक्त शिडं चढवलेली अवस्था आहे, त्यामुळे ही गोष्ट सुटते.

धातूचे भाग ठीक. कानशीने कडा साफ कराव्या लागतात, एवढंच. दोर ओवायच्या कप्प्यांची भोकं बारीक गिरमिटाने पुन्हा पाडून घ्या. मासेमारीच्या आठ छोट्या होड्या डेकवर एकीत एक रचून ठेवायच्या असतात, पण किटमधल्या ओतीव होड्यांच्या बाजू इतक्या जाड की एकीत दुसरी बसतच नाही. मी सगळ्यात वरच्या दोन तेवढ्या पूर्ण ठेवल्या आणि खालच्यांचे तळ कापून काढले. वरून कळत नाही.

थोडक्यात, लाकडासाठी आणि कापकामासाठी घ्या. चिमटा, धारदार पातं, दोन-तीन प्रतींचा पॉलिश पेपर आणि दोरा आपापला आणा. पुस्तिका बाजूला ठेवून मोठा आराखडा भिंतीवर लावा, त्यातली मापं बरोबर आहेत. आणि सोबतचा प्लायवूडचा स्टँड हलका आहे, जहाज डुगडुगतं. तो रुंद लाकडी पाटावर स्क्रूने बसवून घ्या, आणि तेही डोलकाठ्या उभ्या करायच्या आधी.