साधी टू-डी इको की घशातून इको?

डॉक्टरांनी ‘इको’, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लिहून दिली की आधी विचारा: छातीवरून की घशातून?

छातीवरून होणारी टू-डी इको अगदी सोपी. उपाशी राहायचं नाही, रोजच्या गोळ्या चालू ठेवायच्या. डाव्या कुशीवर झोपवतात, जेल लावून प्रोब (तपासणीचं छोटं यंत्र) फिरवतात. साधारण अर्धा तास. पुढून उघडणारा सैल शर्ट घाला, बास.

घशातून होणाऱ्या इकोला, म्हणजे टीईईला, खरी तयारी लागते. यात प्रोब घशातून अन्ननलिकेत सरकवतात. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या कर्णिकेला (डावीकडच्या वरच्या कप्प्याला) अगदी मागून खेटून असते, म्हणून तिथली गुठळी किंवा झडपेवरचा संसर्ग छातीवरून दिसला नाही तरी इथून स्पष्ट दिसतो. त्यासाठी साधारण ६ तास उपाशी राहावं लागतं. मधुमेह असेल तर इन्सुलिनचं काय करायचं, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. कवळी काढून ठेवा. गिळताना त्रास होत असेल, अन्ननलिकेचा किंवा यकृताचा जुना आजार असेल, तर न विसरता सांगा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. घसा बधिर करतात, गुंगीचं औषध देतात. त्यामुळे सोबत घरचं माणूस हवंच, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, आणि बधिरपणा उतरेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नको.